निळं सॉकेट डोळ्यांसमोर होतं, तरी ९,८०० मोजले

कॉम्प्युटरचं नकली ग्राफिक्स कार्ड, म्हणजे स्क्रीनवर चित्र उभं करणारा पार्ट, गळ्यात मारून घेतलं त्याची ही हकीकत. आधी रकमा सांगून टाकतो. ग्राफिक्स कार्ड ९,८००. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) २,१५०. आठ जीबी रॅम १,६००. पहिली केबल १,२९९, दुसरी केबल १,७५०, विंडोज पुन्हा टाकायचे ५००. एकूण १७,०९९ रुपये. यातली रॅम, एसएमपीएस आणि पहिली केबल कामात आहेत, त्यामुळे निव्वळ पाण्यात गेले ते १२,०५०. बायको मात्र १७ हजारच म्हणते, आणि घरात तिचाच आकडा चालतो.

मी डोंबिवलीला एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासतो. सतरा वर्षं हेच काम. खोक्यावरचं लेबल वाचून माल आत घ्यायचा नसतो, खोकं फोडून व्हर्नियर लावायचा असतो, हे नव्या पोरांना मीच शिकवतो. हे वाचून ऑफिसातलं कोणी हसलं तर हसू दे.

घरचा डेस्कटॉप २०१४ चा. आय-५ ४५९० प्रोसेसर, आठ जीबी रॅम. गेल्या दिवाळीच्या आधी चुलतभाऊ अबुधाबीहून कायमचा परत आला आणि त्याचा वापरलेला क्वेस्ट २ हा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधून गेम खेळायचा डबा) त्याने आम्हाला १५,००० ला दिला. तो नुसता डोक्याला लावूनही चालतो, पण चिरंजीवांना खेळायचं होतं हाफ-लाइफ अ‍ॅलिक्स, आणि ते पीसीशिवाय चालत नाही. त्याची किमान अट १२ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड, सहा जीबीवालं. प्रोसेसर आमचा अटीपेक्षा जुना, पण "तेवढं चालतं बाबा, कार्ड महत्त्वाचं," असं चिरंजीवांचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. पन्नास हजारांचा नवा पीसी घेण्यापेक्षा जुन्यालाच पंधरा हजारांत तयार करू, असा हिशोब मी केला. तो हिशोब मला अजूनही बरोबरच वाटतो.

आणि स्वस्ताच्या मोहाने गेलो असंही कोणी म्हणू नका. सेकंडहँड १०६० तेव्हा मला सात-साडेसात हजारांत सांगत होते. डिजिटल चलनाच्या माइनिंगमध्ये रात्रंदिवस भाजलेलं कार्ड गळ्यात पडू नये म्हणून मी मुद्दाम दोन-अडीच हजार जास्त देऊन 'नवीन, ओल्ड स्टॉक, सीलबंद' असं घ्यायला निघालो. म्हणजे शहाणपणा करायला गेलो आणि त्यातच मेलो.

जाहिरात मोबाइलवर सापडली. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड, मग आतल्या एका गल्लीत पहिला मजला. आधी रस्त्यावरच्या एका जुन्या दुकानातून रॅम आणि एसएमपीएस घेतली. त्या माणसाने न मागता जीएसटीचं पक्कं बिल दिलं, सिरियल नंबर टाकून. तो भला माणूस म्हणालाही, "कार्ड कुठून घेताय ते जपून बघा." मला वाटलं, गिऱ्हाईक दुसरीकडे चाललंय म्हणून बोलतोय.

वरच्या मजल्यावरच्या दुकानदाराने खोकं काढलं. काळं, झगमगीत, वर मोठ्या अक्षरांत जीटीएक्स १०६०, ६ जीबी, गेमिंग. कुठल्याच कंपनीचं नाव नाही. कार्ड बनवणाऱ्या कंपन्या आपलं नाव खोक्यावर हातभर मोठं छापतात, आणि इथे कंपनीच नव्हती. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं आणि मी सोडून दिलं.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो.

दुकानदाराने त्याच्या टेबलावरच्या मशीनमध्ये कार्ड बसवलं. पाठीमागून एक केबल ओढली, निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. अंगठ्याने ते दोन्ही स्क्रू आवळले. मी त्याचे अंगठे बघत होतो. कार्डाच्या पाठीवर निळं, पंधरा भोकांचं, जुन्या मॉनिटरला लागतं ते व्हीजीएचं सॉकेट होतं. पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, १०६० ला व्हीजीए कसं काय?"

दुकानदाराने ऐकलं. तो सहज म्हणाला, "इंडियन मॉडेल है बेटा. इधर सबके पास पुराना मॉनिटर होता है ना, इसलिए."

आणि मी, सतरा वर्षं माल तपासणारा माणूस, मनात म्हणालो, अरे वा! आपल्याही मॉनिटरला व्हीजीएच आहे, कन्व्हर्टरचे चारशे रुपये वाचले. पोराला म्हणालो, "गप रे, त्यांना जास्त कळतं."

जीटीएक्स १०६० ला व्हीजीए नसतं, राजांनो. ती चिपच व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नल बाहेर देत नाही. तिच्या पाठीवर एचडीएमआय असतं, डिस्प्लेपोर्ट असतात, डीव्हीआय असलंच तर तेही डिजिटलवालं. निळं सॉकेट दिसलं की पिशवी उचलायची आणि जिना उतरायचा. पुढचं काही ऐकायचंच नाही. आणि बरोबरच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला कोणासमोर गप्प बसवायचं नाही.

मग स्क्रीनवर विंडोजची पार्टांची यादी, डिव्हाइस मॅनेजर, उघडून दाखवली. लिहिलेलं जीटीएक्स १०६०, ६ जीबी. झालं माझं समाधान. ते नाव कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डातच भरलेल्या प्रोग्राममध्ये, कोणीही बदलू शकतं आणि विंडोज आपलं तेच वाचून दाखवतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे मी लेबलच वाचलं. शिवाय निघताना त्याने ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवायच्या सॉफ्टवेअरची, एक सीडी दिली आणि बजावलं, "यही ड्रायव्हर डालना, नया अपडेट मत करना, हँग होगा." नवा ड्रायव्हर टाकू नका असं सांगणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. खऱ्या कार्डाला नव्या ड्रायव्हरची भीती नसते.

पाच हजार यूपीआयने दिले. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, कुठल्यातरी बाईचं होतं. उरलेले ४,८०० रोख, कारण "पक्का बिल चाहिए तो अठरा परसेंट अलग." बिल मिळालं ते कच्चं: 'ग्राफिक कार्ड १ नग'. नंबर नाही, मॉडेल नाही. खाली शिक्का, '३० दिवस टेस्टिंग वॉरंटी'.

घरी आल्यावर मॉनिटर लागला, व्हिडिओ चालले, एक जुना क्रिकेटचा गेमही चालला. सगळे खूश. हेडसेटला केबल लावली की मात्र आत काळोख आणि तीन टिंबं फिरताहेत. पोरगा दहा-दहा मिनिटं तो डबा डोक्याला लावून सोफ्यावर बसायचा. आम्हाला वाटलं केबल खराब, म्हणून दुसरी मागवली. मग वाटलं विंडोज बिघडलं, म्हणून सोसायटीतल्या एका मुलाला ५०० देऊन ते नव्याने टाकलं. नवा ड्रायव्हर घातला तर स्क्रीनच काळी. म्हणजे दुकानदार खरंच बोलला होता म्हणायचं! या सगळ्यात बावीस दिवस गेले. तीस दिवसांची वॉरंटी ते याचसाठी देतात. आपण केबलींवर संशय घेत बसतो आणि महिना उलटतो.

शेवटी आमच्या मेंटेनन्सच्या पोराने पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर आणलं. फुकट आहे, एक मिनिट लागतं. उघडलं तर कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात 'फेक' असा शब्द आणि कोपऱ्यात कंपनीच्या चिन्हाऐवजी धोक्याचा त्रिकोण. २०१८ पासून हे सॉफ्टवेअर अशी नकली कार्डं ओळखतं. म्हणजे माझ्यासारखे एवढे निघाले की त्यांना ती सोयच करावी लागली. खाली चिपचं खरं नाव होतं जीएफ ११६, ४० नॅनोमीटर (चिपमधल्या बारकाईचं माप), शेडर (चित्राचं गणित करणारे छोटे भाग) १९२. खऱ्या १०६० मध्ये शेडर १२८० असतात आणि चिप १६ नॅनोमीटरची. माझ्या हातात होतं २०११ सालचं जीटीएक्स ५५० टीआय, नवं प्लास्टिक आणि नवा पंखा चढवलेलं. माझ्या पीसीपेक्षा तीन वर्षांनी म्हातारं कार्ड घालून मी पीसी अपग्रेड केला होता.

हेडसेट का लागत नव्हता तेही तेव्हा कळलं. केबलवरून चित्र पाठवायचं तर कार्डाला ते त्याच क्षणी व्हिडिओत बांधावं लागतं, आणि त्यासाठी लागणारा एन्कोडर त्या काळच्या चिपमध्ये मुळातच नाही. एन्कोडर असता तरी गेम चालला नसताच. सेकंदाला ७२ ते ९० चित्रं, तीही दोन्ही डोळ्यांसाठी, ही मजुरी त्या म्हाताऱ्याला कुठून झेपणार?

तेव्हा जीपीयू-झेड पेनड्राइव्हवर घेऊनच दुकानात जा. नाव वाचू नका, शेडरचा आकडा वाचा. दुकानदार पेनड्राइव्ह लावू देत नसेल तर तेच उत्तर समजा. आणखी दोन सोंगं या निमित्ताने कळली. पी-१०६ म्हणून माइनिंगचं कार्ड १०६० सांगून विकतात, त्याला पाठीमागे एकही सॉकेट नसतं. आणि आरएक्स ५८० हे दुसरं कार्ड घेताना '२०४८ एसपी' असं कुठे बारीक लिहिलंय का बघा. खऱ्या ५८० मध्ये २३०४ शेडर असतात, ते २०४८ वालं म्हणजे नावाचं ५८० आणि कामाचं ५७०, खालचं मॉडेल.

चोविसाव्या दिवशी अर्धी रजा टाकून परत गेलो. दुकानदार म्हणाला, "ये कार्ड मेरा नहीं. आपने बदली किया." कच्च्या बिलावर नंबर नव्हताच, मी सिद्ध काय करणार? आवाज चढवला तर शेजारचे दोघं-तिघं दारात येऊन उभे राहिले. मी जिना उतरलो. घाबरलो, हो. पोरगा सोबत होता.

तिथून पोलीस. घराजवळच्या चौकीत पहिला प्रश्न, "कार्ड म्हणजे कुठल्या बँकेचं?" म्हटलं, ग्राफिक्स कार्ड. "ओटीपी दिला होता का?" म्हटलं, साहेब, कॉम्प्युटरचा पार्ट आहे. "मग सायबरला जा." सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे ऑनलाइन गेले का? म्हटलं पाच हजार यूपीआयने. "तुम्ही स्वतः दुकानात उभं राहून दिलेत ना? मग हे सायबर नाही. जिथं घडलं त्या हद्दीत जा." तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे त्या हद्दीत, दीड तास बाकड्यावर. मग एकाने अर्ज वाचला, वर बघितलं आणि विचारलं, "गेम कोण खेळतं, तुम्ही?" आजूबाजूचे हसले. "हे दिवाणी आहे, ग्राहक कोर्टात जा." अर्ज ठेवून घेतला, पोच म्हणून शिक्का मारायला मात्र शाई नव्हती. हे मी बनवून सांगत नाही, शाईचा पॅड वाळला होता आणि त्यावर त्याने दोनदा शिक्का दाबूनही दाखवला.

नवीन कायद्यात हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. पूर्वीचं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय. हे मला वकील मेहुण्याने सांगितलं, पण तिसऱ्या चौकीनंतर. आधी कळलं असतं तरी बाकड्यावर बसून कलम सुनवायची माझी हिंमत झाली असती का, सांगता येत नाही. बँकेचं उत्तर तर दोन ओळींत: व्यवहार ग्राहकाने स्वतः मंजूर केला आहे, तक्रार बंद. चार दिवसांत बंद! कर्जाच्या फाइलीला हीच शाखा दोन महिने लावते.

ग्राहक आयोगाचं तेवढं बरं आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पण समोरच्याचं नाव-पत्ता तर हवा? माझ्या बिलावर दुकानाचं नाव आहे, मालकाचं नाही. मेहुण्याने पाठवलेली रजिस्टर नोटीस 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून परत आली. त्या पत्त्यावर मी स्वतः दोनदा जिना चढलोय. म्हणून सांगतो, अठरा टक्के वाचवायला जाऊ नका. ९,८०० वर ते १,७६४ होतात. पक्क्या बिलावर जीएसटी नंबर असता, नंबरामागे मालकाचं नाव असतं, आणि आज नोटीस पोचली असती.

आता मेहुणा क्यूआरवरच्या त्या बाईच्या नावाने दुसरी नोटीस तयार करतोय. चिरंजीव हेडसेटवर नुसतेच, पीसीशिवाय, काहीतरी बॉक्सिंग खेळतात. कार्डाबद्दल त्याने मला एका शब्दाने टोचलेलं नाही, हे जास्त लागतं.

परवा सहज बघितलं तर ती जाहिरात अजून आहे. किंमत आता १०,२००. फोटो तोच, फक्त उजव्या कडेला कापलाय. जिथे निळं सॉकेट होतं, बरोबर तिथे.