कोअर नवा, ताप जुनाच : जिप्सी किंगच्या रेडिएटरचा वापरानंतरचा अनुभव

रेडिएटरचा कोअर (मधला नळ्यांचा जाळीदार भाग) नवा घातल्यावरही गाडी उकळली, की कोअर घालणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं : "हेड गॅस्केट गेलंय, हेड उतरवूया." जिप्सी किंग एमपीएफआयवाल्यांनी (मारुतीची जीप, पेट्रोल इंजेक्शनचं इंजिन) यावर लगेच मान डोलावू नये, म्हणून हे लिहितोय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा भाग, उतरवायचं म्हणजे गॅस्केट (त्याखालचं सील), फेसिंग (घासून सपाट करणं), टायमिंग बेल्ट, कूलंट आणि मजुरी. शिवाय एकदा पाण्याचा पंप उघड्यावर आला की तोही बदलला जातोच. इथे, माझ्या गाडीत, दोष होता रेडिएटरच्या तोंडात (जिथे झाकण बसतं तिथे), आणि तो गेला पॉलिश पेपरच्या एका तुकड्यात.

आधी कोअरबद्दल. जुन्या पितळी टाक्या ठेवून तांब्याचा कोअर, नळ्यांची आधीपेक्षा एक रांग जास्त, म्हणजे तिसरी. चढाला हा कोअर खरंच उत्तम. गोव्यातल्या केरीहून चोर्ला घाट एसी लावून चढला तरी तापमानाचा काटा निम्म्याच्या खाली. उन्हाळ्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. आता तीन देतो. त्यातलाही एक तांब्याला आहे, कारागिराला नाही.

कारण खरी परीक्षा घाटात होत नाही. ती होते रायबंदरच्या फेरी धक्क्यावर, मे महिन्यात, चोडणची फेरी पलीकडे असताना. गाडी उभी, एसी चालू, वारा नाही. काटा पाऊण भागावर जायचा. इंजिन बंद केलं की रेडिएटरचं जास्तीचं पाणी जातं त्या बाटलीत गुडगुड आणि बाहेर हिरवं पाणी. सकाळी बघावं तर बाटली तुडुंब आणि रेडिएटर वरून रिकामा. ही शेवटची खूण फार महत्त्वाची. गरम झाल्यावर बाटलीत गेलेलं पाणी थंड होताना परत ओढलं गेलं पाहिजे. ते बाहेरच राहतंय म्हणजे संशय आधी झाकणावर, मग झाकण बसतं त्या कडेवर, मग बाटलीच्या नळीवर. (नळीचं टोक बाटलीत पाण्याखाली बुडालेलं हवं, नाहीतर रेडिएटर हवा ओढतो.)

गॅस्केट खरंच गेलंय का, हे हेड न उतरवता कळतं. थंड गाडी सुरू करा आणि वरचा होज (इंजिनातून रेडिएटरला येणारा रबरी पाइप) दाबून बघा. मिनिटभरात, पाणी अजून कोमटही नसताना, होज दगडासारखा झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. उलट, गाडी पुरती तापूनही होज लिबलिबीत राहिला तर सिस्टीम दाबच धरत नाही. इथे दुसरा प्रकार होता. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची चाचणी करून घ्यावी : जळका गॅस असेल तर निळं पिवळं पडतं. इथे निळं ते निळंच राहिलं. तरी गॅरेजवाल्याचा हेडचा हट्ट सुटला नाही आणि नवं झाकण मात्र दोनदा विकलं.

दाबाचं महत्त्व किती, ते आकड्यांत सांगतो. झाकणावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे चौरस सेंटीमीटरला तेवढ्या किलोच्या दाबाला ते उघडतं. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांना उकळतं. दाब नसला तर १०० ला. एरवी ९५-१०० अंशांवर निवांत चालणारी गाडी दाबाशिवाय उकळायच्या काठावर येते. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, हेडची उष्णता थांबलेल्या पाण्यात उतरते आणि वाफ होते. वाफ उष्णता नीट वाहून नेत नाही. पाणी कमी होऊन सेन्सर कोरडा पडला तर काटा उलट खाली येतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली. हेड ॲल्युमिनियमचं, वाकण्याची मर्यादा अवघी ०.०५ मिमी.

आता तोंडाकडे. झाकणाच्या खालच्या रबरावर मार्किंगचा निळा रंग पातळ लावा, झाकण पूर्ण बसवा, फिरवून काढा. आतल्या कडेवर अखंड गोल उमटला पाहिजे. इथे गोल एका बाजूला तुटलेला होता, आणि तुटल्या जागी डागाचा, म्हणजे शिशा-कथलाचा, मोहरीएवढा थेंब. टाकी झाळताना उडालेला. बोट फिरवलं तरी पटकन लागत नाही, कारण कडा आत आहे आणि थेंब गुळगुळीत. झाकणं दोन्ही चांगली होती. बसायलाच जागा नव्हती. उपाय : तोंडात कापड कोंबायचं, लाकडाच्या सपाट गोल तुकड्याला बारीक पॉलिश पेपर चिकटवायचा, हलक्या हाताने गोल फिरवायचा, कीस पुसून पुन्हा रंग लावून बघायचा. तोंडच नवं झाळलं असेल तर खोलीही जुन्या तोंडाशी ताडून घ्या. खोली जास्त भरली तर स्प्रिंग पुरती दबत नाही आणि ०.९ चं झाकण त्याआधीच सोडतं.

झाकण घेतानाही उलटं करून बघा. मधली छोटी चकती नखाने ओढली की उघडली पाहिजे आणि सोडली की टक् करून बसली पाहिजे. पाणी परत येतं ते त्या चकतीतून. जास्त आकड्याचं झाकण घालून ताप कमी होत नाही. जुने होज आणि टाकीचे सांधे तेवढे उसवतात.

तोंड दुरुस्त झाल्यावर उकळणं थांबलं, पण फेरीच्या रांगेत काटा चढायचा तो चढायचाच. उभ्या गाडीत चढतो आणि चालत्या गाडीत उतरतो म्हणजे हवेची अडचण. पंख्याभोवतीचं श्राउड (हवा कोअरमधूनच ओढायला लावणारं कडं) कोअर काढताना निघालं आणि परत बसलंच नाही. ते नसलं की पंखा बोनेटखालचीच गरम हवा घुसळत राहतो. जुन्या जिप्सी घेणाऱ्यांनी आधी हे बघावं. बऱ्याच गाड्यांत ते नसतं. भंगारवाल्याकडे मिळालं तरी चालेल, फक्त चारी बोल्ट हवेत आणि पाती कुठे घासता कामा नयेत. फॅन क्लच (पंख्याच्या मध्यावरचा जोड) गरम इंजिन बंद करून हाताने फिरवा : जड लागला पाहिजे, सैल फिरला किंवा मध्ये तेलकट धूळ दिसली तर गेला. श्राउड लागल्यापासून फेरीच्या रांगेत काटा निम्म्यावर थांबतो. म्हणजे अर्धं श्रेय नळ्यांच्या तिसऱ्या रांगेचं नव्हतंच.

पावसाळ्यानंतरची तक्रार तिसऱ्या रांगेचीच आहे. सत्तरी-सांगेच्या वाटांवरचा जांभ्याचा तांबडा चिखल एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये जाऊन वाळतो. जाड कोअरमधून तो काढणं कटकटीचं. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप लावू नका, फिन (कोअरचे पातळ पत्रे) आडव्या होतात. कंडेन्सर पुढे ओढून, चिखल भिजू देऊन, घरच्या पाइपाने इंजिनाकडून बाहेर पाणी मारा.

कोणी "थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाक, थंड राहील" म्हणालं तर ऐकू नये. इंजिन थंड समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल जास्त सोडतं, ॲव्हरेज पडतं, आणि कोअर चोंदलेला असला तर चढाला गाडी तापतेच. थर्मोस्टॅट चालतो का ते पातेल्यात थर्मामीटरसह उकळून बघा. ८२ अंशांचा असेल तर त्याच सुमारास हलू लागला पाहिजे.

कूलंट : विहिरीचं पाणी नको. जांभ्यातलं पाणी आम्लधर्मी, किनाऱ्याकडे खारट. दोन्ही ॲल्युमिनियम खातात. गोव्यात गोठण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे एक भाग कूलंट आणि दोन भाग बॅटरीचं (डिस्टिल्ड) पाणी पुरतं. तयार मिश्रण आणलं असेल तर त्यात पाणी घालू नका. भरताना पुढची चाकं चढावर, झाकण उघडं, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा आणि होज दाबून बुडबुडे काढा.

खर्चाचा हिशेब करायचा तर श्राउड, झाकण, पॉलिश पेपर आणि कूलंट मिळून कोअरच्या बिलाच्या पाव भागातही येतात. जुना कोअर गळत नसेल तर आधी टाक्या उघडून रॉडिंग (सळईने नळ्या साफ करणं) करून घ्या. कोअर घालायचाच झाला तर पैसे देण्याआधी तिथेच दुकानात तोंडाला रंग लावून गोल बघा. रेडिएटरवाला वैतागेल, वैतागू द्या.