पायाभूत प्रशिक्षण : स्थानिक केंद्र की मोठी संस्था?

शाळा अर्धवट सुटलेला तरुण आणि बऱ्याच वर्षांच्या नोकरीनंतर पुन्हा अभ्यासाला बसू पाहणारा प्रौढ, या दोघांनाही वाचन-लेखन, व्यवहारातले गणित आणि संगणकाची प्राथमिक ओळख हवी असते; मात्र ती कुठे घ्यावी, याचे उत्तर दोघांसाठी सारखे नसते. रहिवाशांच्या पुढाकाराने चालणारे स्थानिक केंद्र आणि अनेक शाखांची मोठी प्रशिक्षण संस्था हे दोन पर्याय सहसा समोर येतात. इमारत आणि संगणकांची संख्या पाहून त्यांच्यात निवड करू नये, असे माझे मत आहे.

पहिली कसोटी प्रवेशाच्या वेळीच लावता येते : शिकणाऱ्याला काय येते आणि काय नाही, हे तिथे कसे तपासतात? ओईसीडी या आर्थिक सहकार्यासाठीच्या देशांच्या संघटनेच्या प्रौढ कौशल्य सर्वेक्षणात १६ ते ६५ वयोगटातील व्यक्तींचे वाचन, अंकज्ञान आणि समस्या सोडवण्याची क्षमता यांची स्वतंत्र तपासणी होते. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहभागी ओईसीडी देशांतील सरासरी २६ टक्के प्रौढ वाचनात पहिल्या, म्हणजे अगदी प्राथमिक, किंवा त्याहून खालच्या पातळीवर होते. तपासणी स्वतंत्र ठेवण्याला कारण आहे : तोंडी हिशेबात पक्का असलेला माणूस साधा अर्ज लिहिताना अडखळू शकतो. मोठ्या संस्था बहुधा संगणकावर बहुपर्यायी चाचणी घेतात, आणि ज्याने कधी माउस हातात धरलेला नाही त्याच्या वाचनाऐवजी तिथे माउसचीच परीक्षा होते. चांगले स्थानिक केंद्र एखादा अर्ज भरायला देते, वेळापत्रक वाचायला लावते आणि त्यावरून शिकणाऱ्याची वेगळी आखणी करते. अर्थात, ‘नंतर बघू’ म्हणत सगळ्यांना एकाच तुकडीत बसवणारी स्थानिक केंद्रेही कमी नाहीत.

दुसरी कसोटी आकड्यांची, आणि इथे दोन्हीकडे सारखेच सावध राहावे लागते. समजा, ४० जणांनी प्रवेश घेतला, २४ जण शेवटपर्यंत टिकले आणि त्यांपैकी २२ उत्तीर्ण झाले. माहितीपत्रकात ‘निकाल ९२ टक्के’ असे छापता येते आणि ते खोटेही नसते; पण प्रवेश घेणाऱ्याच्या दृष्टीने तो निकाल ५५ टक्के आहे. म्हणून टक्केवारीऐवजी गेल्या तुकडीत किती जण आले, किती गळले आणि का गळले, हे विचारावे. हजेरीपट मोठ्या संस्थेकडे नीट असतो, परंतु गळतीचे कारण तिथे सहसा कोणाला सांगता येत नाही. स्थानिक केंद्रात नोंदी विस्कळीत असल्या, तरी अमुक एकाची पाळी बदलली, दुसरीच्या घरी आजारपण निघाले, हे प्रशिक्षकाला ठाऊक असते आणि बऱ्याचदा तोच निरोप पाठवून त्यांना परत बोलावतो.

याच जवळिकीची दुसरी बाजू म्हणजे संपूर्ण केंद्र एक-दोन व्यक्तींवर उभे असते. प्रशिक्षक सोडून गेला किंवा अनुदान थांबले, तर तुकडी मध्येच बंद पडू शकते, आणि बदली माणूस लगेच देण्याची ताकद मोठ्या संस्थेकडेच असते. मिश्र वयाच्या तुकडीबद्दलही आधी विचारून घ्यावे, कारण सतरा वर्षांच्या मुलांसमोर चुकण्याचा संकोच पन्नाशीतल्या माणसाला गप्प बसवतो.

प्रमाणपत्राच्या बाबतीत पारडे बहुतेक वेळा मोठ्या संस्थेकडे झुकते, तरी काही स्थानिक केंद्रे मान्यताप्राप्त मंडळाच्या परीक्षेला बसवतात. पुढे जिथे प्रवेश किंवा नोकरी हवी आहे, तिथेच विचारून याची खात्री करावी. प्रशिक्षण देणाऱ्याच्या शब्दावर थांबू नये. शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात, हे दोन्हीकडे लागू आहे.

पुढचा अभ्यासक्रम ठरलेला असेल आणि त्यासाठी विशिष्ट प्रमाणपत्र लागणार असेल, तर मी मोठी संस्था सुचवेन. शाळेच्या आठवणीने ज्याचे पाऊल मागे येते, किंवा ज्याला कामाच्या पाळ्या सांभाळून शिकायचे आहे, त्याने आधी स्थानिक केंद्र पाहावे. मात्र उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नये. तुकडी सुरू होऊन महिना उलटल्यावर, परवानगी घेऊन एक तास मागच्या बाकावर बसावे आणि वर्गातली हजर डोकी पटावरच्या नावांशी ताडून पाहावीत.