कोवा टीएसएन-८८३ स्पॉटिंग स्कोप: स्वालबार्डच्या रानहंसांसाठी कसा आहे?

स्वालबार्ड म्हणजे नॉर्वेची आर्क्टिकमधली बेटं. तिथे पिंक-फूटेड हंस मेच्या मध्यावर उतरतात, बार्नॅकल हंस त्यांच्या मागोमाग. अंडी उबवते ती एकटी मादी, साधारण २५ दिवस. माणूस फार जवळ गेला की ती उठते आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर स्कुआ नाहीतर ग्लॉकस गल हे समुद्रपक्षी झडप घालतात. त्यामुळे इथे स्पॉटिंग स्कोपची, म्हणजे ट्रायपॉडवरच्या एकनळी दुर्बिणीची, परीक्षा एकच: पाखराला न उठवता, २००-३०० मीटरवरून काय दिसतं?

८८३ या परीक्षेत उत्तम उतरतो. पुढचं भिंग ८८ मिमी, फ्लोराइट या स्फटिकाचं. सोबत २५-६० पटीचा झूम आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग. चरायला निघण्याआधी मादी चोचीने घरट्यातली मऊ पिसं अंड्यांवर ओढून घेते, ते ३० पटीवर स्वच्छ दिसतं. फोकसला दोन चकत्या आहेत, एक भरभर फिरवायला आणि एक बारीक जुळवणीला. संशोधकांनी हंसांच्या मानेत घातलेल्या पट्ट्यांवरची अक्षरं-आकडे वाचताना दुसरीचाच खरा उपयोग.

६० पटीच्या मोहात मात्र पडू नका. दुपारी बर्फ वितळलेली काळी जमीन तापते, वरची हवा थरथरते आणि 'ई' कुठला, 'एफ' कुठला ते कळेनासं होतं. हा दोष स्कोपचा नाही. महागातलं भिंगही तिथे हात टेकतं. सूर्य मावळतच नाही, तेव्हा रात्री ११ ते ३ बसा. त्या वेळी तो उत्तरेला खाली असतो, म्हणून हंसांच्या उत्तरेला जागा धरा.

याच स्कोपचा सरळ नळीचा प्रकार, ८८४, इथे नको. सपाट टुंड्रावर उभा माणूस लांबून दिसतो. ८८३ चा आयपीस तिरका असल्याने खाली बसून बघता येतं. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, वाऱ्यात चित्र हलतं. खाली पिशवी अडकवलीत तर ती जमिनीला टेकलेली हवी, लोंबकळती पिशवी उलट जास्त हलवते.

वजन ही खरी अडचण. नुसती नळीच दीड किलोची, वर आयपीस आणि ट्रायपॉड. शिवाय वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ ठेवणं बंधनकारक आहे. आयपीसला डोळा लावलेल्याला मागचं काही दिसत नाही, पहाऱ्याला दुसरा माणूस हवाच.

पक्षी अभयारण्यं १५ मे ते १५ ऑगस्ट बंद असतात, किनाऱ्यापासून ३०० मीटर समुद्रासकट. तिथले हंस हलत्या बोटीतून बघायचे असतील तर स्कोप घरी ठेवा, ८ पटीची साधी दुर्बीण न्या.