अंगणातला भाजीपाला: तिन्ही ऋतू पाहून झाल्यावरचं मत

साताऱ्यात आमचं बैठं घर आहे, तोंड पूर्वेकडे. गेटपासून ओट्यापर्यंतच्या जागेत आधी पेव्हर ब्लॉक होते आणि कडेने शोभेची झाडं. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर ब्लॉक उचलले, तुळशीवृंदावन आणि रांगोळीपुरती जागा ठेवली आणि बाकी सगळीकडे भाजीचे वाफे केले. आता पावसाळा, हिवाळा, उन्हाळा तिन्ही पाहून झालेत, म्हणून सविस्तर लिहिते. करू की नको अशा विचारात असाल तर जरूर करा. आणि मागच्या दारी किंवा गच्चीवर नको, समोरच करा.

समोर का, हे मला महत्त्वाचं वाटतं. भाजीपाल्याला कष्टांपेक्षा लक्ष जास्त लागतं. गच्चीवर आपण दिवसातून एकदा पाणी घालायला जातो. अंगणातून दिवसभर जाणं-येणं सुरू असतं. दूध घेताना, चप्पल घालताना, कुणाला सोडायला गेटपर्यंत जाताना डोळा वाफ्यावर पडतोच. मावा ही रस शोषणारी बारीक कीड सुरुवातीला मिरचीच्या एकाच शेंड्याखाली असते. तेव्हा दिसली तर बोटांनी चिरडून, वर पाण्याचा फवारा मारून काम भागतं. चार दिवसांनी दिसली तर झाडच चिकट झालेलं असतं आणि मुंग्यांची रांग लागलेली असते. आमच्याकडे फवारणी अगदी कमी लागली, याचं श्रेय मी कुठल्याही औषधाला देत नाही, जागेला देते.

उन्हाचं गणित मात्र आधी करा. फळभाजीला किमान सहा तास थेट ऊन हवं, पालेभाजीचं चार तासांतही भागतं. पूर्वेच्या अंगणाचा फायदा एप्रिल-मेमध्ये कळतो. सकाळचं ऊन भरपूर मिळतं आणि दुपारी टळटळीत उन्हाच्या वेळी घराचीच सावली वाफ्यांवर येते. अडचण हिवाळ्यात असते, कारण सूर्य दक्षिणेकडे कलतो. साताऱ्यात डिसेंबरातल्या भर दुपारीही तो ४९ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणजे दक्षिणेला २० फूट उंच भिंत असेल तर तिची सावली १७ फुटांपर्यंत येते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असताना जागा निवडली तर हा फरक दिसतच नाही. आमच्या दक्षिणेला दुमजली घर आहे, म्हणून त्या कडेला पालक, मेथी, कोथिंबीर आणि पुदिना, आणि उत्तरेच्या बाजूला टोमॅटो, वांगी, मिरची अशी वाटणी केली. ती चांगली बसली.

माती. यावर खर्च करायला मागेपुढे पाहू नका. घराच्या पुढची जमीन म्हणजे बहुतेक वेळा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्यामुळे ती चुनखडीयुक्त झालेली असते. आम्ही खाली खोदत बसण्यापेक्षा विटा रचून गादीवाफे केले. रुंदी ४ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी १० फूट, उंची फूटभर. असे दोन वाफे म्हणजे ८० घनफूट, पाऊण ब्रासपेक्षा (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा जास्त माल. निम्मी गाळाची तांबूस माती, बाकी निम्म्यात कुजलेलं शेणखत, गांडूळखत आणि थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मूठ-मूठ निंबोळी पेंड. निव्वळ काळी माती घेऊ नका, पावसात चिखल आणि उन्हात भेगा. शेणखत हातात घेतल्यावर भुसभुशीत असावं आणि वास मातीचा यावा. कच्च्या खताबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते. आणि हे धरून चाला की पहिल्या हंगामानंतर वाफा तीन-चार बोटं खाली बसतो, कारण त्यातलं सेंद्रिय कुजत असतं. दर हंगामाला खताचा थर द्यावा लागतो.

आच्छादनाला आमच्या जिल्ह्यात उसाचं पाचट सहज मिळतं. उन्हाळ्यात ते अंथरल्यावर पाणी एक दिवसाआड केलं तरी चाललं. पावसाळ्यात मात्र ते काढून टाका, त्याखाली गोगलगाई राहतात. गोगलगाईंवर आम्हाला लागू पडलेला उपाय कृषी विद्यापीठं सोयाबीनसाठी सांगतात तोच: गुळाच्या पाण्यात बुडवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याशेजारी टाकायचं, सकाळी उचलून खाली जमलेल्या सगळ्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

आता विकत घेतलेल्या वस्तू. ठिबकचं छोटं किट घेतलं. ते चांगलं आहे, पण किटवर लिहिलेलं पाणी घरच्या टाकीतून मिळत नाही. ड्रिपरचा ताशी ४ लिटरचा आकडा १ किलो दाबाला असतो, आणि तेवढ्या दाबाला पाण्याची पातळी १० मीटर उंच लागते. बैठ्या घराच्या स्लॅबवरची टाकी १२ फुटांवर, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा दाब. त्यामुळे ताशी सव्वादोन-अडीच लिटरच पाणी पडतं. तेवढा वेळ जास्त चालू ठेवलं की झालं. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टर हवाच, आणि नळीच्या टोकाची बुचं महिन्याला एकदा उघडून पाणी वाहू द्यायचं. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) ड्रिपर एवढ्या दाबावर नीट काम करत नाहीत, ते घेऊ नका. ग्रो बॅग: जमीन असेल तर फारशा लागत नाहीत. साध्या काळ्या पिशव्या एका उन्हाळ्यात कडक होऊन फाटतात. जाड, उन्हाला टिकणाऱ्या घ्या, आणि त्यात फक्त मिरची लावा. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्च ते मे पालेभाजीवर हवी, एरवी गुंडाळून ठेवायची.

पिकांबद्दल सगळं लिहीत नाही, पण दुधीबद्दल लिहायलाच हवं, कारण तक्रार सगळीकडे तीच असते: फुलं भरभरून येतात आणि गळतात. पहिले काही दिवस येणारी फुलं नर असतात. ती लांब, सडसडीत देठावर येतात. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या खालीच पेराएवढा, लवदार, इवलासा दुधी असतो. वेल मांडवावर पोचला की मुख्य शेंडा खुडायचा, मग बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादी फुलं तिथे जास्त येतात. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. मधमाशा तोवर परतलेल्या असतात, आणि रात्री येणारे पतंग दिव्यांच्या वस्तीत पुरेसे नसतात. म्हणून हाताने परागीकरण करावं लागतं. ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. जमलं असेल तर दोन-तीन दिवसांत तो इवला दुधी चकाकायला लागतो, जाड होतो आणि खाली कलतो. नाही जमलं तर टोकाकडून पिवळा पडतो. फळ धरलं की पंधरवड्यात काढायला येतं. दिवेलागणीला आपण ओट्यावर असतोच, म्हणून हे काम होतं. त्यासाठी रोज गच्चीवर चढणं माझ्याने झालं नसतं. कारलं आणि भोपळा सकाळी उमलतात, त्यांचं काम मधमाशा करतात.

भेंडीत परभणी क्रांती लावली. पांढऱ्या माशीमुळे पानांच्या शिरा पिवळ्या पडण्याचा जो हळद्या रोग आहे, त्याला तोंड देण्यासाठीच परभणीच्या कृषी विद्यापीठाने हा वाण काढला. पावसाळ्यातलं पीक स्वच्छ निघालं, उन्हाळ्यात दोन झाडांवर रोग दिसला, ती लगेच उपटली. वाण संकरित नसल्याने बी धरता येतं. सासूबाई वाळलेल्या शेंगांचं बी राखेत घोळवून ठेवतात. कुंपणाच्या जाळीवर गावरान वाल सोडलाय, त्याचंही बी घरचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपण्याच्या कामासाठीच. पाकिटावर भिस्त ठेवून दरवर्षी बी विकत घेण्यापेक्षा निदान वाल, भेंडी, चवळई आणि भोपळा यांचं बी प्रत्येकाने घरी धरावं असं मला मनापासून वाटतं.

पावसाळ्यात टोमॅटो लावू नका. आमच्या पावसात पानं करपवणारा करपा रोग येतोच. त्या दिवसांत अळू, दोडका, पडवळ, काकडी, भेंडी. वडीसाठी काळ्या देठाचा अळू नळाच्या खाली लावा, सांडलेलं पाणी त्याला पुरतं. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही म्हणून ऋषीची भाजी करतात. यंदा त्यातला अळू, भेंडी, लाल माठ, पडवळ, भोपळा सगळं दारातलं होतं, आणि ते खाताना सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं त्यापुढे मी खर्चाचा हिशेब काढला नाही. शेजारच्या काकू आता हक्काने गेटवरूनच हाक मारतात, "अगं, वडीला चार पानं देतेस का?"

तोटा म्हणाल तर माकडं येतात. अजिंक्यतारा किल्ल्याकडून टोळी आली की टोमॅटो, काकडी, कोवळा दुधी काही उरत नाही. कारली, मिरची, अळू यांना आमच्याकडे त्यांनी हात लावला नाही. टोमॅटोच्या वाफ्यावर जाळी टाकल्यावरच पीक घरात आलं. रस्त्याची धूळही समोरच्या बागेत जास्त बसते. वालाच्या वेलाने ती बरीच अडते, तरी पालेभाजी तीन पाण्यांतून काढावीच लागते.

पैशांचं म्हणाल तर कांदा-बटाट्याच्या नादी लागू नका, एवढ्या जागेत परवडत नाही. टोमॅटो आपल्या दारी भरपूर येतात तेव्हा मंडईतही स्वस्त असतात. खरी बचत पालेभाजी, कोथिंबीर, मिरची आणि कढीपत्त्यात आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी आम्ही पालेभाजी विकत आणलीच नाही. मेथी पेरल्यापासून तीन-साडेतीन आठवड्यांत उपटायला येते, म्हणून दर दहा दिवसांनी वीतभर रुंदीचा एकच पट्टा पेरायचा. धने पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फाके करायचे. पालक मुळासकट न काढता कापून घेतला तर तीन-चार वेळा मिळतो.

किडीसाठी घरात एकच औषध असतं, ५ टक्के निंबोळी अर्क: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवायची, फडक्यातून गाळायची, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारायची. उन्हात त्याचा असर जातो आणि तो ठेवून टिकत नाही, म्हणून लागेल तेवढाच करा. कारल्याच्या फळमाशीला याने फरक पडत नाही, त्यासाठी क्यू ल्यूरचा (नर माशांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा टांगा. आंब्यासाठी मिळणारा मिथाइल युजेनॉलचा सापळा वेलवर्गीय भाज्यांना चालत नाही, दुकानात मागताना पीक सांगून मागा.

नव्याने करणाऱ्यांनी पहिल्या वर्षी एकच वाफा करावा, आणि शक्य असेल तर पावसाळा सरताना, सप्टेंबरअखेर सुरू करावं. खरेदी माती आणि शेणखतापासून करा. मग खुरपं आणि झारी. ठिबक पहिला उन्हाळा जवळ आल्यावर, फेब्रुवारीत घेतलं तरी चालतं.