जाळ्यांवर सेंट मारला, बिल लावलं निर्जंतुकीकरणाचं

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या गाडीवाल्यांनो, एसीचं 'डिसइन्फेक्शन' करून घेणार असाल तर आधी हे वाचा.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, एसीशिवाय गाडीत बसवत नाही. आणि एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास. जळगावातल्या एका वर्कशॉपमध्ये गाडी सर्व्हिसिंगला टाकली. दुपारी तिथल्या सल्लागाराने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला : एसीचा काळाकुट्ट फिल्टर. पाठोपाठ फोन. "साहेब, याच्यातूनच श्वास घेताय तुम्ही. घरात लहान मुलं आहेत ना?" मुलांचं नाव काढलं की माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. फिल्टर ६५०, एसी व्हेंट निर्जंतुकीकरण १,८००, वर जीएसटी.

गाडी मिळाली तेव्हा आत लिंबाचा घमघमाट. तो विरला आणि पाचोऱ्याच्या वाटेवर कुबट वास परत हजर!

गल्लीतल्या मेकॅनिकने डॅशबोर्डचा कप्पा उतरवून फिल्टर ओढून काढला. घड्यांमध्ये कडुनिंबाची वाळकी पानं, कापसाचे तंतू, धुळीचा थर. "भाऊ, हाऊ तं जुनाच शे." शिवाय फोटोतला फिल्टर चौकोनी, माझ्या गाडीचा लांबट. म्हणजे फोटो भलत्याच गाडीचा. तो आणखी किती जणांना गेला असेल, देव जाणे.

बरं, वास एसीची हवा येते त्या जाळ्यांत नसतोच. आत कूलिंग कॉइल असते. तिच्यावर पाणी सुटतं, धूळ चिकटते आणि बुरशी धरते. निर्जंतुकीकरणाचा फोम त्या कॉइलपर्यंत पोचला तर थोड्या वेळाने गाडीखालच्या ड्रेन पाइपातून मळकट पाणी गळतं. तेव्हा समोर उभं राहून काम करून घ्या, काढलेला फिल्टर हातात मागा, गाडीखाली वाकून बघा. मुक्कामाला पोचण्याच्या जरा आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर कॉइल सुकते. हा उपाय फुकटचा, म्हणून कुणी सांगत नाही.

दोन्ही फिल्टरचे फोटो समोर ठेवल्यावर वर्कशॉपवाल्यांनी "चुकून बिलात लागला" म्हणत ६५० परत केले. १,८०० वर मात्र अडून बसलेत. म्हणे, फवारणी केलीच नाही हे तुम्ही दाखवणार कसं? बिल आणि फोटो जपून ठेवलेत, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकलीय.