पालकसभा: शाळेत की मोबाइलवर? दहा महिन्यांच्या अनुभवानंतर

माझी धाकटी डोंबिवलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत तिसरीत आहे. जून ते मार्च या दहा महिन्यांत तिच्या वर्गाच्या सात पालकसभा झाल्या. चार मोबाइलवर, तीन शाळेत. सातही सभांना मी हजर होते. मी परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, सकाळी सातच्या सुमाराची लोकल पकडते आणि घरी पोचायला साडेसात होतात. नवरा जुलैपासून मस्कतला नोकरीला आहे. घरी सासूबाई असतात. आमच्यासारख्या घरांना ऑनलाइन सभा हा मोठाच आधार, असं मला जूनमध्ये मनापासून वाटत होतं. आज माझं मत बरंच बदललंय. का बदललं ते सविस्तर लिहिते, कारण सगळं ऑनलाइन करा किंवा सगळं बंद करा, अशी दोन्ही टोकं आमच्या पालकांच्या ग्रुपवर रोज भांडत असतात.

आधी जे चांगलं चाललं ते. वेळापत्रक, सहल, गणवेश, शिष्यवृत्तीची कागदपत्रं, आधारमधली नावाची दुरुस्ती असल्या सूचनांसाठी ऑनलाइन सभा उत्तम. रात्री आठला लिंक येते, कुकर लावून मी बसते, एका कानात इअरफोन. जूनची पहिली सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. सकाळी अकराची वेळ, म्हणून मला अर्धा दिवस रजा टाकावी लागली. दीड तासात सव्वा तास सूचनाच होत्या. त्या सगळ्या मोबाइलवर अर्ध्या तासात झाल्या असत्या. आणि आमच्या वर्गातल्या दोन मुलींच्या आया धुणीभांडी करतात. त्यांना सकाळच्या सभेला यायचं म्हणजे खाडा. एकीनं मला शाळेच्या गेटवरच सांगितलं की चार घरांपैकी एका बाईंनी तेवढ्या एका दिवसाचे पैसे कापले. सूचना ऐकण्यासाठी कुणाच्या पगाराला कात्री लागू नये, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा फायदा आमच्या घरापुरता फार मोठा होता. मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. आपल्याकडे रात्रीचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. ऑगस्टच्या सभेला नवरा तिकडून जोडला गेला. गेल्या वर्षी तो इथे डोंबिवलीत असूनही एकाही सभेला आला नव्हता, कारण सभा सकाळी आणि त्याची ड्युटी सकाळची. परदेशात गेल्यावर त्यानं लेकीच्या वर्गशिक्षिकेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्या रात्री तो लेकीशी फोनवर बाईंबद्दल, वर्गाबद्दल कितीतरी वेळ बोलला. हे मोबाइलशिवाय झालंच नसतं.

आता मूळ गोष्टीकडे येते.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीच्या सुट्टीनंतर, पहिल्या सत्राच्या निकालाची सभा ऑनलाइन झाली. बाईंनी स्क्रीनवर तक्ता दाखवला. माझ्या लेकीला गणितात ब-२, म्हणजे ६१ ते ७० टक्के. बाकी सगळं अ-२च्या घरात. माझी पाळी आली तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, “गणिताचा सराव वाढवा, आई.” मागे शेहेचाळीस पालक ताटकळलेले, कुणाच्या घरात टीव्ही चालू, कुणाचं बाळ रडतंय. त्यांना तरी अधिक काय सांगता येणार होतं? मी “हो बाई” म्हटलं आणि म्यूट केलं.

सराव वाढवा म्हणाल्या म्हणून मी वाढवला. स्टेशनजवळून सरावपुस्तक आणलं. रोज रात्री जेवणानंतर वीस वजाबाक्या. लेक वैतागायची, रडायची. मीही दिवसभराची दमलेली, आवाज चढायचा. उत्तरं चुकायची ती चुकायचीच. मला वाटायचं लक्ष नाही, घाई करते. तीन आठवडे हे चाललं. त्या तीन आठवड्यांबद्दल मला आजही वाईट वाटतं.

डिसेंबरची सभा शनिवारी शाळेत होती. प्रत्येक पालकाला बाईंच्या टेबलाशी पाच-सहा मिनिटं. मी घरची सरावाची वही पिशवीत टाकून नेली होती. बाईंनी कपाटातून वर्गातली वही आणि चाचणीची उत्तरपत्रिका काढली, तिन्ही शेजारी शेजारी उघडून ठेवल्या आणि न बोलता एकेका गणितावर बोट ठेवत गेल्या. ५८६ वजा २४३, उत्तर ३४३, बरोबर. तशी सगळी बरोबर. मग ४०२ वजा १५७. लेकीनं लिहिलं होतं ३५५. घरच्या वहीतही तीच तऱ्हा: शून्य आलं की उत्तर चुकलंच.

“हे बघा आई,” बाई म्हणाल्या, “ती हलगर्जीपणा करत नाहीये. दोनातून सात जात नाहीत, मग ती उलटं करते, सातातून दोन. शून्यातून पाच जात नाहीत, मग पाचातून शून्य. वर कुठली संख्या आणि खाली कुठली हे ती बघतच नाही, मोठ्यातून लहान वजा करते. हातचा घ्यायचा हे तिला माहीत आहे, पण शेजारी शून्य असलं की हातचा आणायचा कुठून, तिथे ती अडते.”

मी पाहतच राहिले. तीन वह्या, तीन महिने, आणि चूक एकच. रोज वीस गणितं करून घेत होते म्हणजे तीच एक चूक मी तिच्याकडून रोज घोटून घेत होते.

बाईंनी उपायही तिथेच करून दाखवला. खेळातल्या नोटा काढल्या. शंभराच्या चार, एकाची दोन नाणी, दहाची एकही नाही. “आता मला १५७ द्या.” सात रुपये सुटे नाहीत. दहाची नोट मोडावी तर तीही नाही. मग शंभराची एक मोडून दहाच्या दहा केल्या, त्यातली एक मोडून दहा सुटे केले. टेबलावर उरल्या शंभराच्या तीन, दहाच्या नऊ आणि बारा नाणी. मग १५७ दिले, हातात २४५ राहिले. घरी गेल्यावर त्याच संध्याकाळी लेकीला हे असंच करून दाखवलं. पहिल्यांदा तिनं शंभराची नोट मोडली तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “म्हणजे शून्यालापण द्यायला लागतं, मग त्याच्याकडून घ्यायचं.” आठवड्याभरात शून्याची भीती गेली. आता रोज चारच गणितं करतो.

उठता उठता बाईंनी विचारलं, “घरी काही झालंय का? ऑगस्टपासून ती गप्प असते, डबासुद्धा एकटी खाते.” मी बाबा परदेशी गेल्याचं सांगितलं. बाईंना ते माहीतच नव्हतं. सोमवारपासून त्यांनी तिला दुसऱ्या रांगेत दोन बडबड्या मुलींमध्ये बसवलं. हे बोलणं सत्तेचाळीस जणांसमोर मोबाइलवर ना त्यांनी काढलं असतं, ना मी.

मी हे शब्दशः लिहिते आहे, कारण ऑनलाइन सभेत कमी पडतं ते नक्की काय, हे मला त्या सहा मिनिटांत कळलं. मूल कुठे अडतं ते गुणांच्या तक्त्यात दिसत नाही, वहीत दिसतं. आणि वही वाचायला बाईंचं बोट लागतं.

शिक्षण हक्क कायद्यातही हेच आहे, हे मला नंतर वाचताना कळलं. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाबद्दलची इतर गरजेची माहिती पालकांना द्यायची, हे त्यातलं एक. सहलीच्या आणि गणवेशाच्या सूचनांचं तिथे नावही नाही. म्हणजे ज्या कामासाठी सभा घ्यायची, तेच काम आमच्या सभांमध्ये शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं जात होतं.

ऑनलाइनचे बाकीचे त्रास थोडक्यात. सप्टेंबरची सभा चाळिसाव्या मिनिटाला तुटली, कारण मोफत खात्याची मर्यादा तेवढीच होती. दुसरी लिंक आली तेव्हा निम्मे पालक परत आलेच नाहीत. त्यानंतर शाळेनं गुगल मीट घेतलं. त्यात तीन किंवा अधिक जण असले तर मोफत खात्यावर ६० मिनिटं मिळतात, दोघांच्याच बोलण्याला ही मर्यादा नाही. बऱ्याच घरांत एकच मोबाइल आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. त्या आया रात्री आठच्या सभेलाही नसतात. त्यांची गैरहजेरी कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण स्क्रीनवर कोण नाही ते दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही. फेब्रुवारीत ऑनलाइन सभेत एका मुलाचे गुण सगळ्यांसमोर वाचले गेले आणि त्याला वाचता येत नाही असं बोललं गेलं. तो मुलगा आईच्या मांडीवर बसून ऐकत होता. कॅमेरा चालू होता, मला त्याचा चेहरा दिसला. त्याच्या आईनं कॅमेरा बंद केला आणि मार्चच्या सभेला ती आली नाही. शाळेतही रांगेतल्या मागच्या पालकाला सगळं ऐकू जातं, तेही चूकच. पण तिथे निदान मूल समोर नसतं आणि बाई आवाज खाली करू शकतात.

त्याआधी, डिसेंबरच्या भेटीनंतर, जानेवारीत आम्ही एक प्रयोग केला होता. मी बाईंना विनंती केली की नवऱ्याला लेकीच्या अभ्यासाबद्दल बोलायचंय, पंधरा मिनिटं द्याल का. आदल्या दिवशी वहीच्या तीन पानांचे स्वच्छ उजेडात काढलेले फोटो त्यांना आणि नवऱ्याला पाठवले, प्रत्येकावर पेनानं मोठा क्रमांक टाकून. लेकीला आजीबरोबर खाली खेळायला पाठवलं. बाई म्हणाल्या, “दुसऱ्या फोटोतलं चौथं गणित बघा,” आणि तिकडे मस्कतला तो तेच गणित बघत होता. बोट नव्हतं, पण क्रमांकानं बरंचसं भागलं. आता रविवारी नोटांचा खेळ तो व्हिडिओ कॉलवर घेतो. खऱ्या भेटीच्या बारा आणे तरी काम झालं. ज्यांना खरंच येता येत नाही, त्यांनी हे जरूर करून बघावं.

मार्चच्या सभेत मी आणि अजून नऊ पालकांनी मुख्याध्यापकांना अर्ज दिला. सूचनांची सभा रात्री ऑनलाइन, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एक पानी कागद मुलांच्या डायरीत, ज्यांच्याकडे मोबाइल नसतो त्यांच्यासाठी. प्रत्येक सत्रात एकदा शाळेत वैयक्तिक भेट, शनिवारी दुपारनंतर, वेळ आधी वाटून दिलेली, म्हणजे कुणाचा खाडा होणार नाही. आणि कुठल्याही मुलाचे गुण सगळ्यांसमोर वाचायचे नाहीत. मुख्याध्यापकांनी शेवटची मागणी तिथेच मान्य केली. भेटींचं मात्र बाईंशी बोलून ठरवू म्हणाले. ते योग्यच आहे. सत्तेचाळीस पालकांना प्रत्येकी सहा मिनिटं म्हणजे पावणेपाच तास होतात आणि ते बाईंच्या शनिवारातून जाणार. आम्ही दोन शनिवार सुचवले आहेत, आणि रांग लावायला, चहापाणी बघायला दोन पालक थांबतील असंही लिहून दिलंय. जूनच्या पहिल्या आठवड्यात उत्तर मिळेल. लेक तोवर चौथीत गेलेली असेल, बाई नव्या असतील. तिन्ही वह्या मी जपून ठेवल्या आहेत, पहिल्या भेटीला घेऊन जाणार आहे.