'सरकारमान्य' ईएलडीच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

इंडियानापोलिसजवळ आमचा ट्रकचा छोटा धंदा आहे. पाच गाड्या. एक माझे यजमान स्वतः चालवतात, चारांवर ड्रायव्हर आहेत आणि ऑफिस मी सांभाळते. लोड, बिलं, इन्शुरन्स, डीओटीची (सरकारी वाहतूक खात्याची) कागदपत्रं, सगळं माझ्याकडे. ईएलडी कुठलं घ्यायचं हेही मीच ठरवलं होतं. अमेरिकेत या धंद्यात येणारी आपली माणसं हल्ली मला फोन करून विचारतात, म्हणून झालेलं सगळं लिहून ठेवते आहे.

ईएलडी म्हणजे ड्रायव्हरचे तास नोंदवणारं यंत्र. गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये डबी बसवतात, ती इंजिनाशी बोलते आणि ब्लूटूथवरून ड्रायव्हरच्या टॅब्लेटला माहिती देते. गाडीने ताशी 5 मैलांचा वेग गाठला की ड्रायव्हिंगचे तास आपोआप मोजायला लागतात. सलग 10 तास विश्रांती झाली की पुढच्या 14 तासांत जास्तीत जास्त 11 तास गाडी चालवता येते. पूर्वी हे कागदी लॉगबुकात लिहायचे. डिसेंबर 2017 पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना यंत्र सक्तीचं झालं.

सप्टेंबर 2022 मध्ये आमचा जुना करार संपत आला होता. त्याच आठवड्यात एका माणसाचा फोन आला. हिंदीत बोलत होता, अगदी अदबीने, मला 'दीदी' म्हणत. डबी फुकट, महिन्याला गाडीमागे 25 डॉलर, तीन वर्षांचा करार, पहिल्या वर्षाचे पैसे आगाऊ. 'एफएमसीएसए अप्रूव्हड आहे, दीदी, यादीत बघा.' एफएमसीएसए म्हणजे ट्रकच्या सुरक्षेवर देखरेख करणारं अमेरिकी सरकारी खातं. मी त्यांची यादी उघडली, नाव होतं. मी 1,500 डॉलर भरले.

इथेच माझी चूक झाली. तेव्हा एफएमसीएसए कुठलंही यंत्र स्वतः तपासून मान्यता देत नव्हती. आमचं यंत्र नियमात बसतं असं बनवणारी कंपनीच लिहून द्यायची आणि नोंदणी व्हायची. याला सेल्फ-सर्टिफिकेशन म्हणतात. कॅनडात तसं नाही, तिथे त्रयस्थ संस्थेकडून यंत्र तपासून घ्यावं लागतं. त्यामुळे तेव्हा इथे कोणी 'अप्रूव्हड' म्हणाला तर तो शब्दच खोटा होता, हे मला माहीत असायला हवं होतं. आणखी एक वाक्य तो बोलला होता: 'तासांची काळजी करू नका, आमची रात्रीची टीम सांभाळते.' मला वाटलं, मदतीसाठी रात्रीही माणसं असतील.

जानेवारीत आमचा एक ड्रायव्हर सॉल्ट लेक सिटीचा लोड घेऊन आय-80 महामार्गाने निघाला. वायोमिंगमध्ये शायेनजवळ त्याला तपासणीला घेतलं. अधिकाऱ्याने लॉग पाठवायला सांगितले. यंत्राने ते वेब सर्व्हिसने किंवा ईमेलने एफएमसीएसएच्या सर्व्हरवर पाठवायचे असतात. तीन वेळा प्रयत्न केला, गेले नाहीत. मग टॅब्लेटच्या स्क्रीनवर बघितलं तर आधीचे दोन दिवस कोरे. ब्लूटूथ तुटत होतं आणि ते तुटलं की तास कुठेच नोंदले जात नव्हते. कंपनीच्या सपोर्टचा फोन कोणी उचलला नाही. गाडीत आठ दिवस पुरतील एवढे कोरे लॉगचे कागद असावे लागतात, आमच्या गाडीत तेही नव्हते. कंपनीने दिलेल्या पाकिटात सगळं आहे असं मी गृहीत धरलं होतं.

त्याला 10 तास आउट ऑफ सर्व्हिस केलं, म्हणजे तेवढा वेळ गाडी चालवायला बंदी. रात्री बाहेर बर्फ. मला म्हणाला, 'भाभीजी, मैं तो ठीक हूँ, लोड का क्या होगा?' लोड उशिरा पोचला, तो मिळवून देणाऱ्या ब्रोकरने पैसे कापले, ते भरून निघाले. पण तपासणीतले शेरे आमच्या कंपनीच्या सीएसए रेकॉर्डवर, म्हणजे सरकारी सुरक्षा नोंदीत, दोन वर्षं मोजले जातात आणि इन्शुरन्सवाले नूतनीकरणाच्या वेळी आधी तेच उघडतात.

परत आल्यावर त्याने चाचरत आणखी एक गोष्ट सांगितली. त्या 'रात्रीच्या टीम'चा त्याला दोनदा फोन आला होता: तास संपले असतील तर 20 डॉलर पाठव, आम्ही लॉग मागे सरकवतो. त्याने नकार दिला होता. मी हादरले. लॉगमध्ये दुरुस्ती करता येते, पण मूळ नोंद तशीच राहते आणि यंत्राने आपोआप मोजलेले ड्रायव्हिंगचे तास कमी करताच येत नाहीत, असा नियम आहे. जे यंत्र ते करू देतं ते यंत्रच बेकायदा. भरलेली गाडी 80,000 पौंडांची, म्हणजे 36 टनांची. पेंगणारा माणूस ती चालवतोय आणि कागदावर मात्र तो झोपलेला. समोरून येणाऱ्या गाडीत कोणाचीही मुलं असू शकतात.

तरीही मी लगेच यंत्र बदललं नाही. वर्षाचे पैसे भरले होते, म्हणून थांबले. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी.

मे महिन्यात ते यंत्र रद्द झालेल्यांच्या यादीत गेलं. तेव्हा वापर बंद करून कागदी लॉगवर यायचं आणि 60 दिवसांत नोंदणी असलेलं दुसरं यंत्र बसवायचं. कंपनीने आम्हाला काही कळवलं नाही, उलट उरलेल्या दोन वर्षांचे 3,000 डॉलर मागणारं बिल पाठवलं. मी नाही म्हटलं, तर त्याच दिवशी त्यांचं पोर्टल आम्हाला बंद. लॉग सहा महिने जपायची जबाबदारी मालकाची असते, यंत्र विकणाऱ्याची नाही. आमचे चार महिन्यांचे लॉग त्या पोर्टलमध्येच अडकले. इंधनाची बिलं आणि टोलच्या पावत्या जुळवत मी पंधरा रात्री बसले. एफएमसीएसएकडे तक्रार केली, पैसे परत आले नाहीत.

आता मी नोंदणीची आणि रद्द झालेल्यांची, दोन्ही याद्या बघते. नुसतं नाव नाही, मॉडेल नंबर आणि आयडेंटिफायर डबीवरच्या आकड्यांशी ताडते. नवं यंत्र आधी यजमानांच्या गाडीत महिनाभर चालवलं, ब्लूटूथ मुद्दाम तोडून पाहिलं, रात्री दोनला सपोर्टला फोन लावला. करार महिन्याचा महिन्याला. दर रविवारी सगळे लॉग आमच्या कॉम्प्युटरवर उतरवते.

ऑगस्टमध्ये पुन्हा एक फोन आला. कंपनीचं नाव वेगळं, यंत्राचं नाव वेगळं, आवाज तोच. 'अप्रूव्हड आहे, दीदी, यादीत बघा.' तो बोलत असतानाच मी यादी उघडली. ते नवं नाव तिथे होतं.